स्वमग्न मुलांच्या अध्यापनपद्धती : नावांची देवघेव आणि पुराव्याचा प्रश्न

स्वमग्न मुलांच्या शिक्षणाविषयी आपल्याकडे भरणाऱ्या चर्चासत्रांना एक ठरावीक घाट आला आहे. बीजभाषणात ऑटिझमची लक्षणे सांगितली जातात. त्यानंतर पडद्यावर एकामागून एक पद्धती येतात : ‘एबीए’, ‘टीच’, ‘पेक्स’, संवेदी एकात्मता, संगीतोपचार. प्रत्येकीच्या वाट्याला पाच-सात मिनिटे येतात. शेवटी एका मुलाची चित्रफीत दाखवली जाते. पूर्वी तो खुर्चीवर बसत नव्हता, आता बसतो. सभागृह टाळ्या वाजवते. अशाच एका चर्चासत्रात जिल्हा परिषदेच्या शाळेतील एका शिक्षिकेने उभे राहून विचारले, ‘सर, हे मूल त्या पद्धतीमुळेच बसायला लागले, हे आम्ही कशावरून समजायचे?’ वक्त्यांनी ‘प्रत्येक मूल वेगळे असते’ असे सांगितले आणि चहाची वेळ झाली. वक्त्यांचे विधान खोटे नव्हते. परंतु त्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते.

प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचा पाठपुरावा करतो. तज्ज्ञ मंडळी परस्परांना आणि शिक्षकांना जे देतात, त्यात पद्धतीचे नाव असते आणि यशाची एक हकीकत असते. ते यश कोणी मोजले, मोजणाऱ्यास आधीपासून काय ठाऊक होते, ते किती तासांच्या आणि किती माणसांच्या बळावर मिळाले आणि कोणत्या भाषेत मिळाले, हे बहुधा वगळले जाते. वगळलेला हा भाग तपशिलाचा वाटतो. वास्तविक शिक्षकाला उपयोगी पडणारे ज्ञान त्यातच असते.

शब्द आणि रूपक

आरंभ शब्दापासून करावा लागतो, कारण अध्यापनाची दिशा पुष्कळदा शब्दानेच ठरते. ‘स्वमग्न’ हा पर्याय मराठीत चांगला रुजला आहे आणि या लेखातही तोच वापरला आहे. त्याची घडण सुबक आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर याने १९१०-११ च्या सुमारास ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्व’ या शब्दावरून मूळ संज्ञा घडवली, ती छिन्नमनस्क रुग्णांच्या अंतर्मुखतेसाठी. मराठी प्रतिशब्द तिच्याशी इमान राखतो. परंतु मराठीत तो ध्यानमग्न, विचारमग्न, चिंतामग्न या शब्दांच्या पंक्तीला जाऊन बसतो आणि अडचण तेथेच सुरू होते. विचारमग्न माणूस हाक मारली की भानावर येतो. न आल्यास आपण मोठ्याने हाक मारतो. स्वमग्न मुलाच्या बाबतीतही मग शिक्षकाला वाटते की मूल आत कोठेतरी दडले आहे आणि त्याला बाहेर काढणे हे आपले काम आहे.

ही कल्पना निरुपद्रवी नाही. लिओ कॅनर याने १९४३ साली अकरा मुलांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात एकसारखेपणाचा आग्रह, सर्वनामांची उलटापालट, ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी म्हणणे या गोष्टी काळजीपूर्वक नोंदलेल्या आहेत आणि ही अवस्था जन्मजात असावी असा निष्कर्षही आहे. त्याच लेखात पालकांच्या थंडपणाविषयीचे शेरेही आहेत. १९४९ मधील लेखात ते अधिक ठळक झाले. पुढे शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइमने १९६७ मध्ये ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ हा ग्रंथ लिहिला. ग्रंथाचे नावच रिकाम्या किल्ल्याचे आहे. मूल किल्ल्यात कोंडून घेते आणि त्याला तेथे ढकलणारी बहुधा आई असते, अशी ती मांडणी. विशेष म्हणजे मानसशास्त्रज्ञ आणि स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता असलेल्या बर्नार्ड रिमलंडने हा दोष आईचा नसून कारण जैविक आहे, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ १९६४ सालीच प्रसिद्ध केला होता. खंडन आधी आले होते. तरीही रूपक तीन वर्षांनी येऊन लोकांच्या मनात घर करून बसले. आपल्याकडच्या पालकांनी बेटलहाइमचे नाव ऐकलेले नसते. तथापि ‘आई नोकरीला जाते म्हणून’ किंवा ‘लहानपणी हातात मोबाइल दिला म्हणून’ ही वाक्ये त्यांनी नातेवाइकांकडून ऐकलेली असतात आणि कधीकधी शाळेकडूनही.

‘स्वमग्न’ या शब्दाची दुसरी मर्यादा अशी की तो दोष एकाच बाजूला ठेवतो. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की स्वमग्न आणि इतर माणसांमधील गैरसमज दुहेरी असतो. जितके एकाला दुसऱ्याचे कळत नाही, तितकेच दुसऱ्याला पहिल्याचे कळत नाही. या विचाराची प्रायोगिक तपासणीही झाली. कॅथरिन क्रॉम्प्टन व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रौढांच्या साखळ्या करून एक गोष्ट कानोकानी पुढे पाठवली. केवळ स्वमग्नांच्या साखळीत माहिती तितकीच टिकली, जितकी केवळ इतरांच्या साखळीत टिकली. मिश्र साखळीत मात्र ती अधिक गळाली. २०२५ मध्ये अधिक मोठ्या संख्येवर हाच प्रयोग केल्यावर मिश्र साखळीतील ही गळती आढळली नाही, परंतु स्वमग्न साखळ्या मागे नाहीत हा निष्कर्ष कायम राहिला. संशोधनाची देवघेव अशी असते. पहिला निकाल सांगणाऱ्याने दुसराही सांगावा लागतो. आपल्या व्याख्यानांत अद्याप बहुधा पहिलाच ऐकू येतो, आणि कित्येक ठिकाणी तोही नाही.

चाळीस तासांचा दावा

वर्तनविश्लेषणावर आधारलेल्या अध्यापनाचा जो बोलबाला आहे, त्याच्या मुळाशी इव्हार लोवास यांचा १९८७ मधील लेख आहे. साधक अभिसंधानाची तत्त्वे, लहान लहान पायऱ्यांत विभागलेले कौशल्य आणि अचूक प्रतिसादाला तत्काळ प्रबलन, ही त्याची रीत. लॉस एंजेलिस येथील या प्रयोगात १९ लहान मुलांना दोन किंवा अधिक वर्षे आठवड्याला सुमारे ४० तास एकास एक अध्यापन मिळाले. त्यांपैकी ९ मुले सर्वसाधारण बुद्ध्यंकापर्यंत पोहोचली आणि सामान्य शाळेत पहिलीचा वर्ग पार करू शकली, असा निष्कर्ष होता. ‘४७ टक्के’ हा आकडा तेव्हापासून व्याख्यानोव्याख्यानी फिरतो आहे.

आकडा खरा आहे. परंतु त्याच्यासोबत जे फिरायला हवे होते ते मागे राहिले. कोणते मूल कोणत्या गटात जाईल हे यादृच्छिकपणे ठरले नव्हते. अध्यापक उपलब्ध आहेत की नाहीत यावर ते अवलंबून होते. नको असलेले वर्तन थांबवण्यासाठी मोठ्याने ‘नाही’ म्हणणे आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणे यांचाही त्या उपचारात समावेश होता आणि लेखात तसे स्पष्ट लिहिलेले आहे. आज कोणताही जबाबदार शिक्षक हे स्वीकारणार नाही. मग चापट वगळून केलेला उपचार हा तोच उपचार ठरतो का, हा प्रश्न विचारावाच लागतो. ट्रिस्ट्रम स्मिथ यांनी २००० साली यादृच्छिक विभागणी करून २८ मुलांवर जो अभ्यास केला, त्यात तास कमी होते आणि फायदाही अधिक माफक होता. बुद्ध्यंकात व अभ्यासातील कौशल्यांत फरक पडला. दैनंदिन व्यवहारातील कौशल्ये आणि वर्तनसमस्या यांबाबत दोन गटांत लक्षणीय अंतर दिसले नाही. पालकांना घरी जे हवे असते ते बहुधा हे दुसरेच असते.

तासांचाही हिशेब मांडून पाहावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन-तास अपेक्षित आहेत, म्हणजे दिवसाला चार तास. आठवड्याला ४० तास या हिशेबाने पन्नास आठवड्यांचे २००० तास होतात. शासनाने एका संपूर्ण वर्गासाठी जितका वेळ कल्पिला आहे त्याच्या अडीचपट वेळ, तोही एका मुलामागे एक प्रौढ या प्रमाणात. चर्चासत्रात ही पद्धत ऐकून आलेली शिक्षिका दुसऱ्या दिवशी वर्गात जे करते, ते या अडीचपटीचा किती भाग असते? आणि त्या भागापुरता पुरावा कोणाजवळ आहे? पद्धत तीच राहते, केवळ मात्रा कमी होते, असे आपण गृहीत धरतो. औषधाच्या बाबतीत असे गृहीत धरलेले आपण चालवून घेत नाही.

सँडबँक व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये लहान स्वमग्न मुलांवरील अध्यापन-उपचारांच्या संशोधनाचे मोठे समालोचन प्रसिद्ध केले. त्यातील एक वाक्य प्रत्येक प्रशिक्षणवर्गाच्या भिंतीवर लावावे इतके महत्त्वाचे आहे. यादृच्छिक विभागणी असलेलेच अभ्यास घेतले आणि मोजणाऱ्यास मूल कोणत्या गटातले आहे हे ठाऊक असण्याचा धोका नसलेल्याच मोजण्या घेतल्या, तर कोणत्याही प्रकारच्या उपचाराचा लक्षणीय परिणाम उरत नाही, असा त्याचा आशय आहे. याचा अर्थ सर्व पद्धती व्यर्थ आहेत असा नव्हे. चांगल्या रीतीने मोजलेले फारच थोडे आहे असा आहे. २०२३ मधील अद्ययावत समालोचनात खेळातून आणि नैसर्गिक प्रसंगांतून शिकवणाऱ्या विकासाधिष्ठित पद्धतींच्या बाजूने, विशेषतः सामाजिक संवादाबाबत, अधिक आधार मिळाला. मोजणाऱ्याच्या पूर्वज्ञानाची शंका मात्र तेथेही पुरती फिटलेली नाही. उपरोक्त शिक्षिकेचा प्रश्न नेमका हाच होता. तिने तो संशोधनाच्या परिभाषेत विचारला नाही इतकेच.

त्यामानाने उत्तर कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी उभी केलेली आणि १९७२ पासून त्या राज्यभर पसरलेली ‘टीच’ ही पद्धत कमी दावे करते. जागेची मांडणी, दिवसाचे चित्रमय वेळापत्रक, काम किती आहे आणि केव्हा संपेल हे नजरेला दिसेल अशी योजना, असा तिचा गाभा आहे. तिच्या परिणामांविषयीचा पुरावाही माफकच आहे. तरी आपल्या वर्गात तिचा एक अंश अल्प खर्चात उतरवता येतो. मराठी शाळेचा दिवस तसा बराच ठरलेला असतो : परिपाठ, हजेरी, तास, खिचडी, पुन्हा तास, घंटा. मोडतो तो विशेष प्रसंगी. स्नेहसंमेलनाचा सराव, बाहेरून आलेले पाहुणे, बाई रजेवर असल्याने दोन वर्ग एकत्र बसवणे, मैदानावर अचानक लागलेला ध्वनिवर्धक. स्वमग्न मूल अशा दिवशी ‘बिघडते’ आणि शेरा त्याच्या नावावर पडतो. चित्रांच्या पट्टीवर उद्याचा बदल आदल्या दिवशी दाखवला, तर काय घडते हे महिनाभर वहीत नोंदवणे कोणत्याही शिक्षिकेला शक्य आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची आवश्यकता नाही.

झाकलेले चित्र

पुरावा न मागितल्यास काय होते, याचे उदाहरण शिक्षणशास्त्राच्या इतिहासातच आहे. ऑस्ट्रेलियातील रोझमेरी क्रॉसली यांनी वापरलेली आणि सिराक्यूज विद्यापीठातील डग्लस बिक्लेन यांनी १९९० मध्ये ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’मधून अमेरिकेत पुढे आणलेली ‘साहाय्यित संवाद’ ही पद्धत. न बोलणाऱ्या मुलाचा हात किंवा मनगट साहाय्यक धरतो आणि मूल अक्षरफलकावर एकेक अक्षर दाखवत जाते. ज्यांना कधी शब्द फुटला नव्हता अशी मुले परिच्छेद लिहू लागली. पालकांचे डोळे पाणावले. शिक्षकांना आपल्या कामाचे सार्थक वाटले. १९९३ च्या सुमारास काही संशोधकांनी साधी युक्ती केली. मुलाला एक चित्र दाखवले, साहाय्यकाला दुसरे, आणि कोणाला काय दिसते आहे हे परस्परांना कळू दिले नाही. उत्तरे साहाय्यकाने पाहिलेल्या चित्राची आली. साहाय्यक लबाडी करत नव्हते. आपला हात उत्तर देतो आहे हे त्यांचे त्यांनाच कळत नव्हते. १९९४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचा ठराव केला.

या प्रसंगाचा भारताशी दूरचा का होईना संबंध आहे. बंगळुरूहून अमेरिकेत गेलेल्या सोमा मुखोपाध्याय यांनी आपला मुलगा तितो याला घरी शिकवताना जी रीत घडवली, ती तेथे ‘रॅपिड प्रॉम्प्टिंग’ या नावाने प्रसिद्ध झाली. तितो यांचे इंग्रजी पुस्तक २००० साली ब्रिटनमध्ये प्रकाशित झाले आणि त्याने न बोलणाऱ्या मुलांकडे पाहण्याची अनेकांची दृष्टी बदलली. एका मातेच्या चिकाटीविषयी आदर बाळगूनही हे नोंदवावे लागते की, एक मूल शिकले यावरून पद्धत सिद्ध होत नाही. अमेरिकेतील वाचा-भाषा-श्रवण संघटनेने २०१८ मध्ये पुरेशा पुराव्याअभावी या पद्धतीचा वापर करू नये अशीच भूमिका घेतली. आपल्याकडे असे म्हणणे कठोर वाटते. आईच्या त्यागाविषयी शंका घेतली जात आहे, असा त्याचा अर्थ काढला जातो. प्रस्तुत लेखकाला वाटते की शंका पद्धतीविषयी असते आणि ती मुलाच्या हिताची असते. अक्षरे मुलाची नसतील तर त्याला खरोखर काय हवे आहे हे त्या परिच्छेदांखाली कायमचे झाकले जाते.

गोव्यातील एक प्रामाणिक निकाल

आता जवळचे उदाहरण. ब्रिटनमध्ये जोनाथन ग्रीन व सहकाऱ्यांनी १५२ लहान मुलांच्या पालकांना घेऊन केलेला प्रयोग २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलाला थेट न शिकवता, पालक व मूल खेळतानाची चित्रफीत पालकांसोबत पाहून मुलाचे इशारे ओळखायला पालकांना शिकवले जाते. त्या वेळी मुख्य कसोटीवर, म्हणजे लक्षणांच्या तीव्रतेवर, लक्षणीय परिणाम आढळला नाही. पालकांचा प्रतिसाद मात्र स्पष्टपणे सुधारला. सुमारे सहा वर्षांनी त्याच मुलांची पुन्हा तपासणी केली तेव्हा लक्षणांची तीव्रता कमी झालेली दिसली. हा निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

हीच पद्धत गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील सहकाऱ्यांनी दक्षिण आशियासाठी बेतून घेतली. आतिफ रहमान, गौरी दिवाण प्रभृतींचा हा अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आला. दोन्ही ठिकाणची मिळून ६५ मुले, दोन ते नऊ वर्षे वयाची, यादृच्छिक विभागणी, बारा सत्रे. ही सत्रे तज्ज्ञांनी घेतली नाहीत, तर प्रशिक्षण दिलेल्या अ-तज्ज्ञ आरोग्य-कार्यकर्त्यांनी घेतली. जेथे तज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके आहेत तेथे याचे मोल वेगळे सांगायला नको. याच गटातील संशोधकांनी २०१२ मध्ये गोव्यातील कुटुंबांच्या मुलाखतींवर आधारित लेख लिहिला होता. या कुटुंबांवरील ताण आणि त्यांच्या वाट्याला येणारे एकाकीपण त्यात आले आहे. म्हणजे उपचार बेतण्यापूर्वी घरे समजून घेतली गेली होती.

निकाल काय आला? पालकांचा मुलाशी जुळणारा प्रतिसाद बराच वाढला. मुलाने स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाणही वाढले. परंतु तिसऱ्या कसोटीवर, पालक आणि मूल एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष देण्याच्या वेळात, घट झाली. वाढ नव्हे, घट. संशोधकांनी ही घट लेखाच्या सारांशातच नोंदवली आहे. तिचा अर्थ निरनिराळ्या प्रकारे लावता येईल. पूर्वी पालक खेळणे पुढे करून मुलाला आपल्याकडे वळवत असतील आणि आता ते मागे सरून त्याची वाट पाहू लागले असतील, असा एक तर्क संभवतो. पण तो तर्कच आहे. गोव्याचा हा प्रयोग व्याख्यानांतून सांगितला जातो तेव्हा पहिले दोन निकाल येतात आणि तिसरा गळतो, असा अनुभव आहे. हा तिसरा निकालच शिक्षकाच्या हाती द्यायला हवा. पालकाने मागे सरणे आणि मुलासोबत एका वस्तूवर नजर ठेवणे या दोहोंचा मेळ घरात कसा घालायचा, हा त्यातून निघणारा खरा अध्यापनशास्त्रीय प्रश्न आहे.

मराठी वाक्याची पट्टी

भाषेचा विचार या सर्व देवघेवीत सर्वांत उपेक्षित राहिला आहे, आणि मराठी विभाग व शिक्षणशास्त्र विभाग ज्या महाविद्यालयांत शेजारी-शेजारी आहेत तेथे ही उपेक्षा विशेष खटकते. ‘पेक्स’ ही चित्रांच्या देवाणघेवाणीतून संवाद शिकवणारी पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील डेलावेअरमध्ये विकसित केली. तिच्या सहा टप्प्यांपैकी चौथ्या टप्प्यात मूल एका पट्टीवर वाक्य रचते. ‘आय वॉन्ट’ हे चित्र डावीकडे कायम असते, त्याच्या उजवीकडे हव्या त्या वस्तूचे चित्र चिकटवायचे. इंग्रजीत हे सोयीचे आहे, कारण तेथे वाक्याचा स्थिर भाग अखंड असतो आणि बदलणारा भाग शेवटी येतो.

मराठीत असे होत नाही. ‘मला आंबा हवा’, ‘मला पोळी हवी’, ‘मला केळे हवे’, ‘मला बिस्किटे हवीत’. स्थिर भाग दुभंगतो. वस्तू मध्ये येते आणि वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे क्रियापद बदलते. पट्टीवर दोन चित्रांऐवजी तीन जागा लागतात आणि तिसऱ्या जागेचे चित्र दर वेळी तेच ठेवले तर वाक्य चुकते. ‘पाहिजे’ घेतल्यास लिंगाची अडचण टळते, अनेकवचनाची पूर्णपणे टळत नाही. ‘पोळी दे’ हे सर्वांत सुटसुटीत. परंतु आईला ‘दे’ म्हणणारे मूल शाळेत बाईंनाही ‘दे’ म्हणते. बाईंना ‘द्या’ म्हणायचे असते. शिकलेले कौशल्य नव्या माणसाकडे नेणे स्वमग्न मुलाला मुळातच कठीण असते, असे सर्व पाठ्यपुस्तके सांगतात; मराठीत त्या अडचणीला आदरार्थी रूपाची जोड मिळते आणि मूल उद्धट ठरते. आयात केलेल्या चित्रसंचातील सँडविच आणि बाथटब बदलून पोळी आणि बादली घालणे म्हणजे पद्धतीचे मराठीकरण, अशी समजूत दिसते. ते केवळ चित्रांचे मराठीकरण झाले.

ऐकलेले वाक्य तसेच परत म्हणण्याच्या सवयीचेही मराठीत वेगळे रूप संभवते. ‘तुला भूक लागली का?’ या प्रश्नावर मूल ‘तुला भूक लागली’ म्हणते, हे कॅनरने नोंदलेल्या सर्वनामांच्या उलटापालटीसारखेच आहे. परंतु मराठीत प्रथमपुरुषी क्रियापदही लिंग दाखवते. आई ‘मी येते हं’ म्हणते आणि तिच्या सहवासात वाढणारा मुलगा तेच उचलून ‘मी येते’ म्हणू शकतो. घरातले हसतात, शाळेत त्याला मुलगी म्हणून चिडवतात, आणि शिक्षक व्याकरणाची चूक म्हणून दुरुस्त करतात. प्रायझंट आणि ड्युकन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की अशी पुनरुक्ती निरर्थक नसते. होकार देणे, पाळी घेणे, मागणे अशी कामे ती करते. मग ‘मी येते’ म्हणणाऱ्या मुलाचे लिंग आधी दुरुस्त करावे की त्याने योग्य वेळी निरोप घेतला याची आधी दखल घ्यावी? इंग्रजी संशोधनाला हा प्रश्नच पडणार नाही, कारण इंग्रजीत तो उद्भवत नाही.

‘माझ्याकडे बघ’ या उद्दिष्टाचेही तसेच. नजर भिडवणे हे अनेक वैयक्तिक शिक्षण-आराखड्यांतील पहिले कलम असते. उलट आपल्या घरांत रागावलेल्या मुलाला ‘डोळे वर करून काय बघतोस’ असे सुनावले जाते आणि वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे हा संस्कार मानला जातो. इतर मुले हा फरक न शिकवता उचलतात. ज्याला न सांगितलेले नियम उमगत नाहीत, त्याच मुलाला आपण सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा नियम देतो. आणि मुलाची भाषा मागे पडेल या भीतीने घरची भाषा सोडून एकच इंग्रजी बोला, हा सल्ला तर अजूनही दिला जातो. दोन भाषांत वाढणारी स्वमग्न मुले एका भाषेतल्या मुलांपेक्षा त्यामुळे अधिक मागे राहतात, असे गेल्या दोन दशकांतील अभ्यासांत आढळलेले नाही. ज्या आजीला इंग्रजी येत नाही तिच्याशी त्या मुलाचा संबंध तुटतो, हे मात्र कोणत्याही प्रमाणित चाचणीत मोजले जात नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश केला. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांत ती नव्हती. निदानासाठी चाळीस कलमांची भारतीय मापनश्रेणीही उपलब्ध आहे. मूल वर्गात येऊन बसले आहे. अध्यापक महाविद्यालयांतील छात्राध्यापक दरवर्षी शाळांत छात्रसेवाकालासाठी जातात आणि कृतिसंशोधनाचा अहवालही लिहितात. त्यांपैकी चौघांनी जरी एकेका मुलासोबत आठ आठवडे ‘हवा-हवी-हवे’ची पट्टी आणि ‘पाहिजे’ची पट्टी आलटून पालटून वापरली, मुलाने स्वतःहून किती वेळा मागितले याची रोज नोंद केली, आणि मोजणी पट्टी कोणती आहे हे ठाऊक नसलेल्या सहाध्यायाकडून ध्वनिमुद्रणावरून करवून घेतली, तर मराठीत आज उपलब्ध नसलेली माहिती हाती येईल. मोजणाऱ्यापासून पट्टी लपवणे अवघड आहे, कारण मूल किंवा साहाय्यक शब्द उच्चारताच ती उघड होते. त्यासाठी उच्चार वगळून केवळ चित्र पुढे केल्याच्या हालचाली मोजाव्या लागतील, आणि त्या ध्वनिमुद्रणात नव्हे, चित्रफितीतच दिसतील. चित्रफितीसाठी पालकांची लेखी संमती लागेल. आमच्या विभागात या आराखड्याची चर्चा या टप्प्यापर्यंत आली आहे.